फळं टिकवायला पुडी की पिशवी?

केळी, किवी असतील तर मी डोळे झाकून इथिलीन शोषणारी पुडी निवडेन. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि तोच शेजारच्या फळालाही पिकवतो. पुडीतलं पोटॅशियम परमँगनेट त्याचं ऑक्सिडीकरण करतं. जांभळे दाणे तपकिरी झाले की समजायचं, पुडी संपली. हे नुसत्या डोळ्यांनी कळतं, ही मोठीच सोय. दाणे फळाला लागू देऊ नका, तेवढं जपा.

स्ट्रॉबेरीला मात्र बुरशीचं भय जास्त, तिथे हवा बदलणारी पिशवीच हवी. फळाच्या श्वसनाने आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून उतरतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो १५ ते २० टक्क्यांवर गेला की बुरशी मंदावते. पिशवीची फिल्म, म्हणजे तिचं पातळ प्लास्टिक, चुकीची निवडली तर ऑक्सिजन पार संपतो आणि पिशवी उघडताच दारूसारखा आंबूस वास येतो.