म्हाताऱ्या मांजरासाठी कमी उंबऱ्याचा लिटर बॉक्स: पुढून झकास, मागून गळका

लिटर बॉक्स म्हणजे मांजराने शी-शू करायचा बॉक्स. याचा पुढचा उंबरा ७ सेंटिमीटर, बाकीच्या तीन भिंती २८, आतली लांबी ६० आणि रुंदी ४५. संधिवाताने मागचे पाय आखडलेल्या मांजराला यातला पहिला आकडा फार उपयोगी पडतो. १५ सेंटिमीटरची कड ओलांडताना जे अडखळतं, ते इथे सरळ चालत आत जातं. लांबी मात्र आधी मोजून घ्या. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत जेवढं मांजर, त्याच्या दीडपट बॉक्स लागतो. म्हणजे हा ४० सेंटिमीटरपर्यंतच ठीक. थोराड बोक्याला आत वळताना त्रास होणार.

खरी गोम मागच्या भिंतीत आहे. कंबर आणि खुबे दुखत असले की मांजर पुरतं खाली बसत नाही, अर्धवट उभ्यानेच शू करतं आणि धार भिंतीवर जाते. भिंत उंच असल्याने वरून काही उडत नाही. पण बॉक्स दोन भागांचा आहे: खाली ट्रे, त्यावर क्लिपांनी बसणारी चौकट. चौकटीची कड ट्रेच्या आतून बसायला हवी होती, ती बसते बाहेरून. मग ओघळ सांध्यात शिरतो आणि बॉक्सच्या मागे जमिनीवर थारोळं दिसतं. बोल मात्र मांजराला लागतो! सांध्यावर आतून सिलिकॉन सीलंट भरता येतं. २४ तास सुकू द्यावं आणि वास पूर्ण गेल्यावरच बॉक्स वापरायला काढावा. पण त्यानंतर चौकट सुटी होत नाही, धुताना अख्खा बॉक्स उचलावा लागतो.

तळ गुळगुळीत आहे. बारीक दाण्याचं, बिनवासाचं लिटर (शू शोषून घेणारी वाळूसारखी भर) ४-५ सेंटिमीटर भरा. थर जाड झाला तर पाय रुततात, पातळ झाला तर उकरताना प्लास्टिकवर घसरतात. सोबतची दोऱ्यांच्या वेटोळ्यांची चटई सरळ बाजूला ठेवा. म्हाताऱ्या मांजराची नखं कमी झिजतात, वाढून जाड होतात आणि त्या वेटोळ्यांत अडकतात. सपाट रबरी मॅट बरी. उंबऱ्यावरून लिटर सांडणारच, त्याला इलाज नाही.

जुना बॉक्स लगेच काढू नका, दोन आठवडे दोन्ही शेजारी ठेवा. बोका पुन्हापुन्हा जाऊन जोर करतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर बॉक्सचा विचार सोडून तडक डॉक्टर गाठा.

सांधा भरत बसायचं नसेल तर हा बॉक्स घेऊ नका. ३० सेंटिमीटर उंचीचा, एकसंध प्लास्टिकचा सामान ठेवायचा डबा आणा. एका बाजूला तळापासून ७ सेंटिमीटर सोडून २५ सेंटिमीटर रुंद दार कापा आणि कड पॉलिश पेपरने घासा. दाराचे खालचे कोपरे गोल ठेवा. काटकोनात कापले तर प्लास्टिक तिथूनच चिरत जातं.