जुनं पायमशीन आणि घरच्या घरी शिवणकाम, वर्षभराच्या वापरानंतर

मी उषाचं जुनं काळं पायमशीन घेतलं, लोखंडी स्टँडसकट, पुण्यात एका दुरुस्तीवाल्याकडून, सर्व्हिसिंग धरून तीन हजाराच्या आत. आता वर्ष होत आलं आणि घरातली जवळपास सगळी शिलाई त्याच्यावरच होते. लिहायचं कारण असं की ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात, शिकायचंय पण बजेट कमी आहे, ते छोटं प्लास्टिकचं मशीन घेऊ का. माझं स्पष्ट मत, नका घेऊ. जीन्स राहू द्या, परकराच्या नेफ्याला तीन-चार पदर एकत्र आले तरी ते अडतं.

जुनं मशीन घेताना रंग, सोनेरी नक्षी वगैरे बघत बसू नका. चाक हाताने हळूहळू फिरवा, कुठे अडकत नाही ना ते बघा. सुईखालच्या पत्र्याच्या भोकावरून बोट फिरवा, तिथे सुई आपटून ओरखडे पडले असतील तर दोरा सारखा तुटणार. कापड पुढे सरकवणारे दाते बोटाला टोचायला हवेत, गुळगुळीत झाले असतील तर कापड पुढे सरकतच नाही. आणि मांजरपाटाचा तुकडा दुहेरी घेऊन टीप मारून दाखवायला सांगा, वरची आणि खालची दोन्ही बाजू सारखी दिसली पाहिजे. या काळ्या मशीनचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे सुई, बॉबिन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ), तिची डबी, वादी (चाक फिरवणारा पट्टा) सगळं कुठल्याही मशीनच्या दुकानात मिळतं आणि स्वस्त मिळतं.

पहिले काही दिवस दोरा न ओवता नुसता वहीचा रेघांचा कागद घालून मशीन चालवा. रेघेवर भोकं पडत गेली पाहिजेत, मग चौकोन, मग गोल. पायमशीनवर पाय उलटा पडला की चाक मागे जातं आणि दोरा ओवलेला असला तर तुटतो, तो पायाचा ताल या कागदावरच बसतो, आणि वेग आपल्या पायात असल्यामुळे गळ्याच्या गोलाईवर एकेक टाका घालत जाता येतं. म्हणून मी मोटर बसवलेली नाहीये, शिकताना तर अजिबात बसवू नका.

पैसे खर्च करायचे तर कात्रीवर करा. मेरठची दहा इंची कात्री घ्या आणि तिने कागद कापू नका, घरातल्यांनाही कापू देऊ नका. सुया १४ आणि १६ नंबरच्या पुरतात, पातळ कापडाला ११. खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळेजण बॉबिनची डबी खोलून बसतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये (दोरा ताणून धरणाऱ्या) नीट बसलेला नसतो, तो दाबाचा पाय (सुईजवळ कापड दाबून धरणारा) वर करून परत ओवा, काम होतं. तेल मशीनचंच घाला. खोबरेल किंवा खायचं तेल घातलं तर ते आत चिकट होऊन मशीन जड होतं.

कापडाला सुरुवातीला खर्च करायची गरजच नाही, जुन्या चादरी, सुती साड्या भरपूर निघतात. आधी पिशव्या, उशांचे अभ्रे, मग सहा कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद अशा उभ्या तुकड्यांचा) परकर, कारण त्यात सरळ लांब टिपा भरपूर आणि कळ्या कापताना मापाचा अंदाज येतो. साडीला फॉल लावताना फॉल आधी रात्रभर भिजवून वाळवून इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीचा काठ चुण्या पडून वर ओढला जातो.

ब्लाउजला मात्र वेळ द्या. नीट बसणारा जुना ब्लाउज उसवून त्याचे भाग वर्तमानपत्रावर उतरवले, हे मला सगळ्या फॉर्म्युल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडलं. मुंढ्याची (बाही जोडतात त्या जागेची) गोलाई पुढची आणि मागची वेगळी असते, पुढची जास्त खोल, हे तो उसवलेला तुकडा हातात घेतल्यावर लगेच कळतं. गळ्याची पट्टी उरेबच (कापडाच्या तिरक्या दिशेने) कापायची, सरळ कापडाची पट्टी गोलाईवर वळत नाही, चुण्या येतात. पिन, बटणं, हूक, लेस यासाठी मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाते, पूर्ण पाकीट घेतलं की फार फरक पडतो.

कमी काय? फक्त सरळ टीप. टी-शर्ट, लेगिंगच्या ताणणाऱ्या कापडावर टाके सुटतात, पिको आणि इंटरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घालतात ती शिलाई) बाहेरून करून आणावं लागतं. मी दोन-चार कपडे साठले की एकदमच नेते. सुती कापडाला तेवढीही गरज नाही, कडा आत दुमडून दुहेरी टीप मारली की धागे सुटत नाहीत. चामड्याची वादी सैल पडते अधूनमधून, तेव्हा अर्धा इंच कापून क्लिपने परत जोडायची, पक्कड घरात असली की झालं, माणूस बोलवायला नको.