मेन बेअरिंग: ट्रायमेटल घ्यावं की ॲल्युमिनियमचं?

इंजिनाचा क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंगला, म्हणजे घासून गुळगुळीत करायला, निघाला की दुकानात हा प्रश्न येतोच. मेन बेअरिंग म्हणजे हा दांडा ज्यांच्यात फिरतो ते अर्धगोल पत्रे, म्हणजेच शेल. माझ्या जुन्या मारुती ८०० ला दोन्ही बसवून झाली आहेत, त्यामुळे अनुभवाचं सांगतो.

ताकदीत ट्रायमेटल पुढे, हे मान्य करायला हवं. पोलादी पाठीवर तांबं-शिशाचा थर, त्यावर शिसं-कथिलाचा मऊ मुलामा. टर्बो डिझेल असेल, माल भरून घाट चढायचे असतील, क्रँक फोर्ज्ड (घडीव पोलादाचा) असेल, तर मी दुसरं सुचवणार नाही. जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) किंचित वाकडेपणाशीही तो मुलामा जुळवून घेतो.

पण हा मुलामा जेमतेम ०.०१२ ते ०.०२५ मिमीचा, केसाच्या निम्म्याहून पातळ. शिवाय दिसायला राखाडी, निस्तेज. माझं बिनसलं ते इथेच. नवीन बेअरिंगवर झिरो पेपर (अगदी बारीक पॉलिश पेपर) फिरवून चमक आणायची, मगच बसवायचं, ही सवय आपल्याकडच्या अनेक मिस्त्रींच्या हातात इतकी मुरलेली आहे की ‘नको’ म्हटलं तरी एखाद्या शेलवरून हात फिरतोच. माझ्या गाडीला तेच झालं. इंजिन तापलं की आयडलला ऑइलचं प्रेशर कमी झाल्याचा दिवा मिणमिणायचा. बेअरिंगच्या कॅप उघडल्या तेव्हा राखाडीतून तांबूस चट्टे डोकावत होते. मुलामा गेला की खालच्या थरात कचरा रुतत नाही, जर्नलला चरे पडतात. आणि ऑइल बदलायला उशीर झाला तर त्यातलं आम्ल उघड्या शिशाला खातं.

ॲल्युमिनियमच्या बायमेटलचं (पोलादी पाठीवर एकच थर) अस्तर यापेक्षा कितीतरी जाड आणि आरपार एकाच धातूचं. चुकून हात फिरला तरी खाली तोच धातू असतो. (तरी फिरवू देऊ नयेच.) सिलिकॉनवालं मिळालं तर ओतीव लोखंडाच्या क्रँकवर ग्राइंडिंगनंतर राहिलेली बारीक कूसही ते हळूहळू मोडतं. ऑइल कमी पडलं तर मात्र ते पटकन धरतं, म्हणजे जर्नलला चिकटून अडकतं, एवढं लक्षात असू द्या.

मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे: आता भर उन्हाळ्यात खंबाटकी चढून गाडी उभी केली तरी दिवा लागत नाही. रोजच्या पेट्रोल गाडीला मला तरी हेच बरं वाटतं.

कुठलंही घ्या, आधी बेअरिंग हातात येऊ द्या, मगच क्रँक ग्राइंडिंगला पाठवा. हवी ती अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारं माप) नंतर मिळेलच असं नाही. आणि ट्रायमेटल घेतलंत, तर शेल बसवताना स्वतः समोर उभे राहा.