जुन्या ट्रॅक्टरची गंजलेली टाकी: साखळी, लिंबूसत्व की बॅटरी चार्जर?

चढाला ट्रॅक्टर दम टाकतो, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा नीट चालतो, आणि फिल्टरखालच्या बाऊलमध्ये तांबूस गाळ बसलेला दिसतो. महिंद्रा बी-२७५, एचएमटी २५११, मॅसी १०३५ असल्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. टाकीतला गंज डिझेलबरोबर ओढला जाऊन टाकीखालच्या कॉकच्या (डिझेल चालू-बंद करायच्या तोटीच्या) जाळीवर बसतो आणि इंजिन बंद झालं की सुटून खाली पडतो. फिल्टर बदलून काही दिवस निभतं. पण एफआय पंपात, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपात, प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यातली फट जेमतेम काही मायक्रॉनची असते. तिथे गंजाची पूड पोचली की पंप उतरवून कॅलिब्रेशनला (मापं पुन्हा जुळवायला) न्यावा लागतो, आणि ते बिल टाकी साफ करण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी जड असतं. म्हणून टाकी उतरवायचीच. ठरवायचं एवढंच, की ती साफ कशाने करायची.

आधी टॉर्च घेऊन टाकीचं छत बघा. सगळे तळ बघतात, छत राहून जातं. ऊस वाहतूक संपली की पुणे जिल्ह्यातले कितीतरी ट्रॅक्टर पावसाळाभर अर्ध्या टाकीवर शेडमध्ये उभे असतात. रात्री पत्रा गार पडतो, आतल्या हवेतली वाफ छताला थेंब होऊन चिकटते आणि खाली ठिबकते. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते सगळ्यात खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. म्हणजे गंज लागतो तो छताला आणि तळाला. मधला भाग डिझेलच्या थरामुळे बराच वाचलेला असतो. जी पद्धत छतापर्यंत पोचत नाही, ती अर्धंच काम करते.

मग बाहेरून टाकी धरणाऱ्या पट्ट्यांखालचं रबर काढा. तिथे पाणी धरून राहतं आणि पत्रा बाहेरून सडतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं, तर पुढचा साफसफाईचा मजकूर तुमच्यासाठी नाही. तुम्हाला दुसरी टाकी लागणार.

साखळी घालून हलवणं ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त पद्धत. सुटे पापुद्रे, तळाला घट्ट बसलेला चिकट गाळ यावर ती खरंच चांगली चालते. पुण्यात बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात बारीक कड्यांची लोखंडी साखळी मिळते. दोन-तीन मीटर घ्या, थोडं डिझेल किंवा साबणाचं पाणी घाला आणि टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा. बरेच जण नट-बोल्ट किंवा खडी घालतात. डिझेल हिंदकळू नये म्हणून टाकीत आडवी पट्टी असते, नट तिच्यामागे अडकतात, आणि खडीचा चुरा होतो. तो चुरा दगडाचाच, पंपाला गंजापेक्षाही वाईट. साखळीचं एक टोक हातात राहतं, ती अख्खी बाहेर येते. पण पत्र्याच्या खड्ड्यांत रुतलेला गंज साखळीने निघत नाही, आणि पत्रा पातळ झाला असेल तर भोक पडण्याची भीती असते.

लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, हा माझ्या मते बहुतेकांसाठी योग्य मार्ग आहे. लिटरला ५० ग्रॅम धरा; ५० लिटरच्या टाकीला अडीच किलो लागतं आणि काम काही शे रुपयांत होतं. मात्र आधी टाकी गरम पाणी आणि डिटर्जंटने दोन-तीनदा खळखळून धुवा. डिझेलचा तेलकट थर राहिला तर आम्ल गंजापर्यंत पोचतच नाही, आणि ‘लिंबूसत्वाने काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्यांचं बहुतेक इथेच चुकलेलं असतं. पितळी कॉक, जाळी, गेजचा फ्लोट काढून ठेवा, भोकं बुचाने बंद करा. कोमट पाण्यात सत्व विरघळवून टाकी अगदी तोंडापर्यंत भरा, म्हणजे छतही बुडेल. झाकण सैल ठेवा, आत हायड्रोजन तयार होतो. दिवसभरात पाणी हिरवट-पिवळं होतं आणि पत्रा राखाडी दिसू लागतो. तसा दिसला की काढा. उगाच दोन-तीन दिवस ठेवलं तर चांगला पत्राही खाल्ला जातो.

बॅटरी चार्जरची पद्धत म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. धुण्याच्या सोड्याचं पाणी भरायचं, चार्जरची निगेटिव्ह टाकीला आणि पॉझिटिव्ह तोंडातून आत सोडलेल्या लोखंडी सळईला. सळई टाकीला कुठेही टेकता कामा नये. मोठा फायदा हा, की चांगल्या पत्र्याला धक्का लागत नाही; पातळ झालेल्या टाकीला हीच पद्धत सगळ्यात मायेची. पण सळईसमोर जो भाग येतो तिथेच काम नीट होतं, आडव्या पट्टीमागचा गंज तसाच राहतो. सळई स्टेनलेसची नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मीठही घालू नका, क्लोरीन निघतो. काम उघड्यावर करा आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. एवढी काळजी घ्यायला ज्याच्याकडे वेळ आहे, त्यानेच याच्या वाटेला जावं.

बाजारातलं फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर लिंबूसत्वापेक्षा लवकर काम करतं आणि पत्र्यावर थोडं संरक्षक आवरणही सोडतं. टाकी भरायला महाग पडतं इतकंच. फरशी पुसायचं ॲसिड टाकीत घालू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं, गंजाबरोबर पत्राही खातं, आणि धुऊनही उरलेल्या क्लोराइडमुळे गंज पुन्हा धरतो.

आतून इपॉक्सी कोटिंग करून देणारे भेटतील. मी विरोधात आहे. तेलाचा किंवा ओलाव्याचा अंश राहिला की कोटिंग सुटतं, त्याचे पापुद्रे जाळीवर बसतात, आणि मग ना ते पुरतं निघतं ना टिकतं. बारीक भोकं पडली आहेत आणि दुसरी टाकी मिळतच नाही, एवढ्याच वेळी त्याचा विचार करावा.

भोकाला वेल्डिंग करायचं असेल तर ‘टाकी रिकामी आहे’ यावर विसंबू नका. रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. आयएस १४६० या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो) किमान ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि पुण्यात एप्रिलमध्ये पारा ४० च्या आसपास जातो. उन्हातली टाकी त्याहून तापते. हे काम टाकी नीट धुऊन, जवळपास पूर्ण पाण्याने भरून करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच द्या. टाकी नवी बनवून घेणार असाल तर भोसरीकडच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेल्या) पत्र्यातच करायला सांगा. गंज धरत नाही म्हणून जीआय (जस्त चढवलेला) पत्रा सुचवला जाईल, पण जस्त डिझेलमध्ये उतरून साबणासारखा गाळ तयार होतो आणि फिल्टर पुन्हा तुंबतात.

लिंबूसत्व काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने टाकी खळखळा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच कंप्रेसरच्या हवेने सुकवा. उघडा ओला पत्रा बघता बघता नारिंगी होतो, म्हणून सुकली की लगेच दोन लिटर डिझेल घालून सगळीकडे फिरवा आणि ते काढून टाका. गंजाच्या पाण्यातलं आम्लही सोड्याने मारूनच ते टाका, ओढ्यात किंवा विहिरीजवळ नको. डिझेलची लाइन हवेने फुंकून, कापडी आणि पेपर दोन्ही फिल्टर नवे टाकून एअर (लाइनमध्ये अडकलेली हवा) काढा. पहिले दहा-बारा तास काम झालं की बाऊल उघडून बघा. थोडी पूड दिसेलच, ती पुसून टाका. दुसऱ्यांदा उघडल्यावरही तितकीच दिसली, तर आडव्या पट्टीमागे गंज राहिला आहे आणि टाकी पुन्हा एकदा उतरवावी लागेल.