दांडिया बाजारातील त्वचारोग दवाखाना: आधी नीट पाहतात, मग औषध देतात

जुलैमध्ये आम्ही नातवाला या दवाखान्यात नेले, तेव्हा त्याच्या नाकाखालच्या पुरळावर आठवडाभर चुकीचे मलम लावून झाले होते. एका औषध दुकानदाराने गजकर्ण असल्याचे सांगून स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय हातात ठेवली होती. दोन दिवस लाली उतरली, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो आणि पुरळ हनुवटीपर्यंत पसरले.

डॉक्टरबाईंनी त्याला खिडकीच्या उजेडात बसवून भिंगातून पाहिले. खपल्या मधासारख्या पिवळ्या आणि चिकट होत्या. एक खपली सलाइनच्या बोळ्याने भिजवून सोडवली, तेव्हा खाली ओलसर लाल त्वचा दिसली. गजकर्णात कड उठावदार असते आणि मधला भाग निवळत जातो, तसे येथे नव्हते. तरीही स्टिरॉइडमुळे गजकर्णाचे रूप बदलते म्हणून त्यांनी कडेची त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि बुरशी नसल्याची खात्री केल्यावरच हा इम्पेटिगो, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराचा जिवाणूसंसर्ग, असल्याचे सांगितले. हे निदान बहुधा नुसत्या पाहण्यानेच होते. परंतु आधीच्या औषधानंतरही पुरळ वाढल्यामुळे त्यांनी खपलीखालच्या स्रावाचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, पाठवला. तिसऱ्या दिवशी अहवालात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू निघाला आणि कोणते प्रतिजैविक लागू पडेल तेही कळले. हाच आजार स्ट्रेप्टोकॉकस या दुसऱ्या जिवाणूमुळेही होतो आणि त्यानंतर काही आठवड्यांत क्वचित मूत्रपिंडाला सूज येते, म्हणून चेहरा सुजला किंवा लघवी गडद झाली तर लगेच यावे, हे त्यांनी आम्ही न विचारता सांगितले.

त्याच भेटीत आमच्या यांचा पायही त्यांनी पाहिला, याचे मला मोल वाटते. यांना मधुमेह आहे. उजवी नडगी लाल, गरम आणि सुजलेली होती. डास चावून खाजवल्यामुळे तसे झाले असावे, असे आम्ही धरून चाललो होतो. बाईंनी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले, कारण सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेच्या खोल थरांचा जिवाणूसंसर्ग, बहुधा एकाच पायाला होतो, आणि मग बोटांच्या बेचक्या उघडल्या. तेथे चिखल्यांची एक भेग होती. जिवाणू तेथून आत शिरले असावेत, असे त्या म्हणाल्या. लालीच्या कडेने पेनाने रेषा आखून त्यांनी गोळ्या दिल्या आणि लाली रेषेबाहेर गेली, थंडी वाजून ताप आला किंवा वेदना फार वाढल्या, तर येथे न थांबता थेट मोठ्या रुग्णालयात जावे, असे बजावले. चौथ्या दिवशी लाली रेषेच्या बरीच आत आली होती.

नंबर आधी लावता येत नाही, दीड तास बाकावर बसावे लागते आणि सुजलेल्या पायाने अरुंद जिना चढणे फार कठीण जाते. निदान वृद्धांना तरी खालच्या मजल्यावर तपासावे. जाताना आधी लावलेल्या मलमाची ट्यूब सोबत न्यावी, कारण बाई सर्वांत आधी तीच मागतात.