फोटोग्राफीच्या वर्गासाठी पेंटॅक्स के १०००: शिकवायला उत्तम, पण पारखून घ्या

विद्यार्थ्याच्या हातात पहिला फिल्म कॅमेरा कोणता द्यावा, हा प्रश्न निघाला की पेंटॅक्स के १००० चं नाव आजही निघतं. १९७६ साली बाजारात आलेला हा कॅमेरा १९९७ पर्यंत बनत होता. यात आपोआप होणारं काहीच नाही. फोकस, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं), शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), सगळं हातानं. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला, एलआर ४४, एकच. तो संपला तरी शटर चालतंच.

शिकवणाऱ्याला याचा खरा उपयोग आहे तो व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीच्या, उजव्या कडेला दिसणाऱ्या काट्याचा. काटा मधोमध आला की मीटरच्या मते एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, बरोबर. अ‍ॅपर्चरची रिंग फिरवली तर काटा हलतो, शटरची चकती फिरवली तरी हलतो. एकीकडे उजेड वाढवला की दुसरीकडे तेवढाच कमी करावा लागतो, हे विद्यार्थी डोळ्यांनी बघतो. त्यासाठी चांगला प्रयोग म्हणजे दिवसाउजेडी, पण सावलीत असलेल्या नळाची धार. आयएसओ ४०० ची फिल्म (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा), कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि तीन फ्रेम (एफचा आकडा मोठा, तेवढं भोक लहान): १/१००० सेकंदाला एफ ४, १/२५० ला एफ ८, १/३० ला एफ २२. उजेड कमी-जास्त असेल तर सुरुवातीचा आकडा बदला, पायऱ्या त्याच ठेवा. काटा तिन्ही वेळा जागच्या जागी राहतो. पहिल्या फ्रेममध्ये थेंब सुटे दिसतात, तिसरीत धार दुधासारखी होते आणि मागची भिंतही स्पष्ट येते.

या मीटरची मर्यादाही धडा म्हणूनच शिकवावी. ते सगळ्या चौकटीची सरासरी काढतं. खिडकीसमोर कुणी उभं असेल तर काट्यावर विसंबून काढलेला चेहरा काळा येणार. जवळ जाऊन चेहऱ्यानं चौकट भरा, काटा मधोमध आणा, मग त्याच आकड्यांवर मागे येऊन फोटो घ्या. मीटरला बंद करण्याचं बटण नाही. लेन्सला झाकण नसेल तर सेल उतरत राहतो, म्हणून झाकण लावण्याची सवय पहिल्याच दिवशी लावा.

सगळ्यात जास्त रोल वाया जातात ते भरताना. फिल्मची जीभ गुंडाळणाऱ्या रिळाच्या खाचेत घाला, दोन्ही कडांची भोकं दात्यांवर नीट बसेपर्यंत पुढे सरकवा, मगच पाठ बंद करा. डावीकडची रिवाइंडची मूठ हलकेच फिरवून ढिलाई काढा. आता फिल्म पुढे नेणारी लीव्हर ओढताना ती मूठ फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म पकडलेलीच नाही, आणि अख्खा रोल कोरा निघेल. ३६ चा रोल असताना मोजणीचा आकडा ३८-३९ च्या पुढे गेला, तरीही हाच संशय घ्या. फिल्मचा आयएसओ शटरच्या चकतीची बाहेरची रिंग उचलून लावतात. ४०० च्या फिल्मला १०० राहिलं तर निगेटिव्ह दाट येते, तरी प्रिंट निघते. उलट झालं तर सावल्यांमधला तपशील कायमचा जातो.

फील्डची खोली, म्हणजे फोटोत पुढचं-मागचं किती स्पष्ट येईल, ते आधी बघायचं बटण नाही, सेल्फ टायमरही नाही. पहिल्या उणिवेवर उपाय आहे: लेन्सची कळ दाबून लेन्स किंचित फिरवली की आतली भोक लहान-मोठं करणारी पाती ठरवलेल्या अ‍ॅपर्चरवर मिटतात. मात्र दुसऱ्या हातानं लेन्स घट्ट धरायची आणि फोटोआधी परत बसवायची.

हल्ली हे कॅमेरे सेकंडहँडच मिळतात, त्यामुळे घेण्याआधी पाठ उघडा आणि पांढऱ्या भिंतीकडे बघत एकेक वेग चालवा. १/१००० ला चौकटीची एक बाजू काळी राहिली तर शटरच्या दोन पडद्यांचा वेग जुळत नाहीये, सर्व्हिसिंग लागणार. पाठीच्या दाराच्या खाचेतला उजेड अडवणारा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर फिल्मवर उजेडाचे पट्टे येतील. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढून काळी लोकर बसवता येते, फार खर्च नाही. लेन्स पूर्ण उघडी ठेवून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती फार पसरते, तेव्हा अशी लेन्स घेऊच नका. कॅमेरे हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. उशिराच्या उत्पादनात प्लास्टिक वाढलं, त्यामुळे निवड असेल तर 'असाही' (ASAHI, कंपनीचं नाव) लिहिलेला जुना नग घ्यावा.

प्रत्येक विद्यार्थ्याला एक कॅमेरा घेण्याची गरज नाही. रोल आणि धुलाई आज महाग आहे. एक्स्पोजरचा पाया डिजिटलच्या मॅन्युअल मोडवर पक्का करा, मग तिघांत एक ३६ चा रोल द्या, प्रत्येकी १२ फ्रेम. सोबत वही हवीच: फ्रेमचा नंबर, शटर, अ‍ॅपर्चर, उजेड कुठून. फिल्मवर यातलं काहीच नोंदलं जात नाही, आणि वहीशिवाय निगेटिव्ह बघून चूक कुठे झाली ते सांगता येत नाही.