सात महिने, एक पन्नास रुपयांचा फिल्टर आणि वडिलांची जुनी गाडी

वडिलांची २००१ची शंभर सीसी मोटारसायकल दोन वर्षं जिन्याखाली उभी होती, टाकीत निम्मं पेट्रोल तसंच. बाहेर काढली, प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, चालू झाली. आठवडाभर मजेत. मग चोक ओढल्याशिवाय आयडलिंगला टिकेना. त्यात साताऱ्याहून वाईला निघालं की लिंब फाट्याच्या आसपास मिसिंग मारत बंद. दहा मिनिटं थांबलं की पहिल्या किकला चालू!

मेकॅनिकने कार्ब्युरेटर तीनदा खोलला. तिसऱ्यांदा स्लो जेटमध्ये, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, चक्क तार घातली. हे कुणालाही करू देऊ नका. ते भोक केसाएवढं असतं, तारेने मोठं झालं की ॲव्हरेज गेलंच. माझं गेलं, नवा जेट घ्यावा लागला.

शेवटी फ्लोटची वाटी, म्हणजे कार्ब्युरेटरखाली पेट्रोल साठतं ती, मीच खोलली. तळाशी चहाच्या गाळासारखी तपकिरी भुकटी, आणि त्यात पाण्याचे दोन टपोरे थेंब, मण्यांसारखे वेगळे. म्हणजे वरून टाकीच घाण पाठवत होती. अर्धी रिकामी टाकी आतून गंजतेच. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि रिझर्व्हला लावलं की आधी तेच खाली येतं.

टाकी उतरवली, पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक काढून भोकाला रबरी बूच मारलं. कोमट पाण्यात लिटरला साधारण शंभर ग्रॅम लिंबूफूल घालून रात्रभर ठेवलं. सकाळी निघालेलं पाणी थेट गेरूचं. मग खायच्या सोड्याचं पाणी, दिवसभर ऊन, आणि शेवटी थोडं पेट्रोल खळबळून ओतून दिलं. लिंबूफुलाचं पाणी रंगावर सांडू देऊ नका, माझ्या टाकीवर एक फिकट ओघळ कायमचा राहिलाय.

नळीत पारदर्शक फिल्टर बसवला. पहिला चुकला. तो जाड कागदाचा, पंपवाल्या गाड्यांचा होता. आपल्याकडे पेट्रोल नुसतं उतारावरून येतं, साठच्या वर गाडी उपाशी मरायची. बारीक जाळीचा घेतला, बाण कार्ब्युरेटरकडे, आणि खेचणं सुधारलं.

तरीही लिंब फाट्याला बंद! वैतागून टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू. झाकणातलं हवेचं भोक पॉलिश आणि धुळीने बुजलं होतं. पेट्रोल कमी होतं तशी आत पोकळी होते, मग खाली थेंब उतरत नाही. दहा मिनिटांत हवा हळूहळू शिरायची, म्हणून पुन्हा चालू. पंक्चरवाल्याकडच्या हवेने दोन मिनिटांत मोकळं झालं, पैसे घेतले नाहीत. तीनदा कार्ब्युरेटर खोलण्याआधी हे झाकण कुणी उघडून बघितलं असतं तर!

पहिला फिल्टर पंधरा दिवसांत तपकिरी झाला. दुसरा चार महिन्यांनी बदलला, त्यात नावालाच गाळ होता. ॲव्हरेज ४२ वरून ५८. तिसऱ्याचं प्लास्टिक आताच पिवळं पडलंय, आत काय आहे ते दिसत नाही, मग पारदर्शक घेऊन उपयोग काय? कॉक ऑफ केला तरी रात्रभरात दोन-चार थेंब गळतात. त्याचा वॉशर मापात मिळत नाहीये, आणि पेट्रोलच्या वासाबद्दल खालच्या काकूंनी दोनदा विचारून झालंय.